लग्न ठरलं, व्हिसाचं काय? वाचकांचे प्रश्न

तुळशीचं लग्न झालं की आपल्याकडे मुहूर्त सुरू होतात आणि बाहेरदेशी राहणारी मुलं-मुली दोन-तीन आठवड्यांच्या सुट्टीत येऊन लग्न करून परत जातात, त्यामुळे असेल, पण यावेळी आलेल्या पत्रांत नवराबायकोच्या व्हिसाचेच प्रश्न सगळ्यात जास्त आहेत. त्यातली चार पत्रं घेतलीयेत. नावं छापत नाहीये.

प्रश्न : ताई, मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते, बीकॉम झालंय, अंबडला एका कंपनीत अकाउंट्सला आहे. माझं लग्न ठरतंय. मुलगा इंग्लंडला जाऊन तीन वर्षं झाली, बायोडेटात 'यूकेमध्ये सेटल' असं लिहिलंय. तो फक्त १८ दिवसांसाठी येणार, साखरपुडा हळद लग्न सगळं त्यातच. त्याच्या घरचे म्हणतात लग्न झालं की दोन महिन्यात स्पाउस व्हिसा येतो, एजंट सगळं करतो, तुम्ही फक्त सह्या करा. पप्पांनी त्याच्या व्हिसाबद्दल विचारलं तर ते जरा नाराज झाले, की विश्वास नाही का आमच्यावर. आता घरात सगळेच गप्प आहेत. नोकरी सोडू का? खर्च किती येतो? आणि हे विचारणं खरंच चुकीचं होतं का?

उत्तर : तुझ्या पप्पांनी अगदी बरोबर केलं, हे त्यांना आधी सांग. मुलाचा पगार विचारतो, घर विचारतो, पत्रिका बघतो, मग ज्या कागदावर तुझं तिकडचं सगळं राहणं अवलंबून आहे तो कागद विचारला तर त्यात अपमान कसला.

आता 'सेटल' या शब्दाकडे बघ. आपल्याकडे नोकरी लागली, भाड्याने घर घेतलं की आपण म्हणतो मुलगा सेटल झाला. तिकडच्या कायद्यात सेटल म्हणजे ज्याला कायम राहायची परवानगी मिळालीये तो, आणि वर्क व्हिसावर गेलेल्याला ती मिळवायला आतापर्यंत साधारण पाच वर्षं लागत आलीयेत. तीन वर्षांपूर्वी नोकरीवर गेलेला मुलगा बहुतेक अजून वर्क व्हिसावरच असणार. तसं असेल तर तुला मिळेल तो स्पाउस व्हिसा नाहीच, तो डिपेंडंट व्हिसा, म्हणजे त्याचा व्हिसा आहे तोपर्यंत तुझा, त्याची नोकरी गेली आणि व्हिसा रद्द झाला तर तुझाही जातो. यात वाईट काही नाही, हजारो मुली अशाच गेल्यात, डिपेंडंट व्हिसावर नोकरीही करता येते, पण काय आहे ते आधी माहीत पाहिजे.

आणि एक गोष्ट जरा नीट वाच कारण गेल्या दोन-तीन वर्षांत यात खूप बदल झालेत. केअर वर्कर म्हणजे वृद्धांची, आजाऱ्यांची काळजी घेण्याच्या कामाच्या व्हिसावर जे ११ मार्च २०२४ पासून गेले किंवा दुसऱ्या व्हिसावरून त्या व्हिसावर आले त्यांना नवरा-बायको मुलं तिकडे नेता येत नाहीत. जानेवारी २०२४ पासून कोर्स सुरू झालेल्या विद्यार्थ्यांनाही नेता येत नाही, रिसर्चवाले सोडून. आणि २२ जुलै २०२५ पासून पदवीच्या पातळीखालच्या कामांवर नव्याने व्हिसा घेणाऱ्यांसाठी पण साधारण तोच नियम आलाय. म्हणजे मुलगा चांगला, घर चांगलं, लग्न व्यवस्थित, तरी मुलगी इथेच राहिली असं होऊ शकतं आणि त्यात कोणाचा गुन्हा नसतो, फक्त कोणी आधी विचारलेलं नसतं.

विचारायचं कसं, तर त्यावर सोपा उपाय आहे. तिकडे आता व्हिसा ऑनलाइन असतो, तो त्याच्या अकाउंटमधून एक शेअर कोड काढू शकतो, ९० दिवस चालतो, तो कोड आणि त्याची जन्मतारीख टाकली की तिकडच्या सरकारच्या वेबसाइटवर त्याचा व्हिसा कुठला, कधीपर्यंत, हे तुला घरी बसून दिसतं. दोन मिनिटांचं काम आहे. फोनवर त्याच्याशी तूच बोल, मोठ्यांमध्ये विषय गेला की मानापमान सुरू होतात. म्हण की मला माझ्या कागदांची तयारी करायचीये, कोड पाठव. ज्याला लपवायचं नाही तो लगेच पाठवेल.

समजा तो खरोखर सेटल निघाला किंवा ब्रिटिश नागरिक असला, तर मग स्पाउस व्हिसा, आणि त्यात पैशाची अट मोठी आहे. ११ एप्रिल २०२४ पासून त्याचं वर्षाचं उत्पन्न किमान २९,००० पाउंड लागतं, आधी ते १८,६०० होतं. तू भारतातून अर्ज करतेस तेव्हा तुझा इथला पगार त्यात धरत नाहीत, सासऱ्यांनी 'आम्ही सांभाळू' असं लिहून दिलं तरी चालत नाही, निफाडला द्राक्षबाग आहे म्हणून सांगितलं तर तिची किंमत पण त्यात मोजली जात नाही. उत्पन्न अजिबातच नसेल तर ८८,५०० पाउंड रोख बचत, तीही सहा महिने खात्यात पडून असलेली. तो एकाच कंपनीत सहा महिन्यांपेक्षा जास्त असेल तर सहा महिन्यांच्या पगारपावत्या, त्याच सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि कंपनीचं पत्र, आणि पावतीवरचा आकडा बँकेत तसाच पडलेला दिसला पाहिजे. माझ्या मावसबहिणीचा अर्ज एवढ्यावरून नाकारला गेला होता, एजंटने पाचच पावत्या लावल्या होत्या, सहावी त्याच्या टेबलावर राहिली. व्हिसाची फी परत मिळाली नाही, फक्त हेल्थचे, म्हणजे तिकडच्या सरकारी आरोग्यसेवेसाठी आधी भरलेले पैसे परत आले, आणि ती आठ महिने माहेरी बसून होती, शेजारपाजारचे रोज विचारायचे कधी जाणार. तेव्हापासून मी कोणाचीही फाईल असली तरी पावत्या स्वतः मोजते.

खर्चाचं म्हणशील तर बाहेरून अर्ज करायची फी एप्रिल २०२५ पासून १,९३८ पाउंड होती, ती दर वर्षी वाढत असते, भरताना वेबसाइटवर बघायची. त्याच्यावर हेल्थ सरचार्ज वर्षाला १,०३५ पाउंड, पहिला व्हिसा ३३ महिन्यांचा, त्याची तीन वर्षं धरतात म्हणून ३,१०५ पाउंड एकदम. म्हणजे आपल्या पैशात साडेपाच-सहा लाख नुसते सरकारी. हे कोणी भरायचे ते लग्नाच्या याद्या होतानाच बोलून घ्या, मानपानाच्या साड्यांवर दोन तास बोलतो आपण आणि हे राहून जातं.

इंग्रजीची परीक्षा स्पाउस व्हिसाला लागते, ए-वन म्हणजे सगळ्यात सोप्या पातळीची, फक्त बोलणं-ऐकणं. पण कॉलेज रोडच्या क्लासमध्ये जी नेहमीची आयईएलटीएस करून घेतात ती इथे चालत नाही, 'लाइफ स्किल्स' नावाची वेगळी असते, फॉर्म भरताना नाव बघून भर. तुझं बीकॉम इंग्रजी माध्यमातलं असेल तर त्याचं तिकडचं समकक्ष प्रमाणपत्र काढूनही चालतं. टीबीची तपासणी मुंबईला त्यांनी मान्य केलेल्या क्लिनिकमध्येच करायची, सर्टिफिकेट सहा महिने चालतं म्हणून फार लवकर करू नको. बोटांचे ठसे द्यायला मुंबई किंवा पुणे.

लग्नाचा पुरावा म्हणून फोटो लागतात पण ठरवून झालेलं लग्न असलं की मुलींना भीती वाटते की आमचे तर एकत्र फोटोच नाहीत. घाबरू नको. कांदेपोह्याचा कार्यक्रम कधी झाला, कोणाच्या ओळखीतून स्थळ आलं, साखरपुडा कुठे, त्याची तिकिटं, पत्रिका, हॉलची पावती, नंतरचे फोन, हे सरळ तारखेप्रमाणे लिहून एक पत्र जोडायचं. ठरवून लग्न होतात हे त्यांना माहीत आहे. चॅटची पाचशे पानं लावू नको, महिन्याला दोन-चार पानं खूप झाली, आणि एकही तारीख बनवून लिहू नको.

१८ दिवसांचा प्रश्न मात्र खरा आहे. लग्नाची नोंदणी तो जायच्या आत झालीच पाहिजे, कारण दोघं आणि तीन साक्षीदार हजर लागतात, आणि तो एकदा गेला की परत सुट्टी मिळून येईपर्यंत सहा महिने-वर्ष जातं. महापालिकेच्या विभागीय कार्यालयात फॉर्म आधीच आणून ठेवा, गुरुजींची सही, पत्रिका, दोघांचे वयाचे आणि पत्त्याचे पुरावे तयार ठेवा आणि लग्नाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सत्यनारायणाच्या आधी तिकडे जाऊन या. कोर्ट मॅरेज म्हणजे १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने करणार असाल तर ३० दिवसांची नोटीस आहे, दोघांपैकी एकजण नोटीसच्या आधी ३० दिवस जिल्ह्यात राहिलेला लागतो, ते तू आहेसच, पण नोटीस तो यायच्या महिनाभर आधी लागलेली पाहिजे.

नोकरी व्हिसा हातात येईपर्यंत सोडू नको. स्पाउसच्या अर्जाला बाहेरून साधारण १२ आठवडे धरून चाल, कधी जास्तही लागतात.

आणि शेवटचं, जे मला सगळ्यात जास्त सांगायचंय. 'फक्त सह्या करा' असं कोणी म्हणालं ना, तिथे थांबायचं. अर्ज नवऱ्याच्या जोरावर होतो हे खरं पण तो अर्ज तुझ्या नावाचा असतो, त्याच्यात खोटं लिहिलेलं निघालं तर बंदी तुझ्या पासपोर्टवर लागते, यूकेत ती १० वर्षांपर्यंत असू शकते. त्यामुळे ईमेल तुझा, पासवर्ड तुझा, प्रत्येक पान तू वाचलेलं, आणि सगळ्याची एक कॉपी आईकडे ठेवलेली. एजंट बरेचदा स्वतःचाच ईमेल टाकतात आणि मग मुलीला स्वतःच्या अर्जाचं काय झालं हे त्याच्याकडे विचारत बसावं लागतं. तिकडे गेल्यावर पासपोर्ट तुझ्याच कपाटात. देव करो आणि गरज न पडो, पण स्पाउस व्हिसावर गेलेल्या बाईला नवऱ्याने मारहाण केली, छळ केला तर तिला नवऱ्याशिवाय तिथे राहायचा अर्ज करता येतो, आधी तीन महिन्यांची सवलत मिळते त्यात सरकारी मदतही घेता येते. लंडनमध्ये साउथॉल ब्लॅक सिस्टर्स म्हणून १९७९ पासूनची बायकांची संस्था आहे, ती आपल्याकडच्या बायकांना खूप मदत करते. इथे राष्ट्रीय महिला आयोगात एनआरआय लग्नांसाठी वेगळा कक्ष आहे. यांचे नंबर शोधून फोनमध्ये ठेवणं म्हणजे अपशकुन नाही.

प्रश्न : ताई नमस्कार, मी पंचवटीतली. फेब्रुवारीत लग्न झालं, नवरा जर्मनीला ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांच्या परवान्यावर आहे. लग्नात तांदळात माझं नवीन नाव लिहिलं, आणि सासूबाईंच्या हौसेने मॅरेज सर्टिफिकेटवरही तेच नाव गेलं. पासपोर्ट माहेरच्या नावाचा. आधार नवीन नावाने करून घेतलं, पॅन जुनंच. आता फॉर्म भरायला बसलो तर तीन कागदांवर तीन बायका दिसतात. काय करू?

उत्तर : तुमचं पत्र वाचून मला खूप जवळचं वाटलं कारण आमच्या घरात पण हा घोळ झालाय, माझ्या आईची तीन नावं आहेत आणि पेन्शनच्या वेळी त्या तिन्ही नावांनी आम्हाला रडवलं. तांदळातलं नाव गोड असतं, नवऱ्याने अंगठीने लिहिलेलं, ते घरात राहू द्या. पण लग्नानंतर नाव किंवा आडनाव बदलायलाच पाहिजे असा कुठलाही कायदा नाही, हे सासूबाईंना पण प्रेमाने सांगा.

परदेशाच्या कामात पासपोर्टवर जे आहे तेच तुमचं नाव, बाकी सगळ्यांनी त्याच्यामागे यायचं. आता दोन रस्ते आहेत आणि दोन्ही चांगले आहेत, फक्त एकच धरायचा. एक म्हणजे माहेरचं नाव ठेवायचं, मग आधार परत मागे घ्यायचं, आणि सर्टिफिकेटवरच्या नव्या नावासाठी 'ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची' असं प्रतिज्ञापत्र करायचं, लग्नाच्या नोंदणीच्या फॉर्मवर लग्नाआधीचं नाव लिहिलेलं असेल तर तोही कागद सोबत जोडायचा, सर्टिफिकेट दुरुस्त होतंय का ते ज्या कार्यालयात नोंदणी झाली तिथेच आधी विचारा. दुसरा म्हणजे नवीन नाव पक्कं करायचं, तुमचं पहिलं नावच बदललंय म्हणून राज्याच्या राजपत्रात जाहिरात द्यायची आणि मग नाशिकच्या पासपोर्ट सेवा केंद्रात नव्या नावाने पासपोर्ट करून घ्यायचा. याला वेळ लागतो आणि तुमची डिग्री, मार्कशीट, अनुभवाची पत्रं सगळी जुन्या नावाचीच राहणार, तिकडे नोकरी शोधताना प्रत्येक वेळी ते समजावत बसावं लागेल. मी तुमच्या जागी असते तर पहिला रस्ता धरला असता. काहीही केलं तरी पासपोर्ट बदलायला टाकलेला असताना व्हिसाची अपॉइंटमेंट घेऊ नका.

स्पेलिंग पण बघा, आपल्याकडे एकच नाव कुठे डबल ई ने असतं कुठे आय ने, कुठे व्ही कुठे डब्ल्यू, आणि वडिलांचं नाव कुठे मधलं म्हणून येतं कुठे गायबच असतं. एका संध्याकाळी सगळे कागद जमिनीवर पसरून एकेक अक्षर जुळवा, नवऱ्याला पण व्हिडिओ कॉलवर बसवा, त्याच्या कागदांवर तुमचं नाव कसं लिहिलंय ते बघायला.

एक चांगली बातमी, नवरा ब्लू कार्डवर असेल तर बायकोला व्हिसासाठी जर्मन ए-वनचं सर्टिफिकेट लागत नाही, इतर बऱ्याच जणांना लागतं. तरी शिकाच, तिकडच्या सरकारी ऑफिसात आणि डॉक्टरकडे त्याचा उपयोग होतो. महाराष्ट्राचं काम मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाकडून होतं.

प्रश्न : मी सातपूर एमआयडीसीत प्रोडक्शनला आहे, बायको न्यूजर्सीत नर्स, तिचं ग्रीन कार्ड आहे. लग्नाला पाच महिने झाले. मित्र म्हणतो टुरिस्ट व्हिसावर जा आणि तिथेच राहून जा. नातेवाईक बायकोच्या जिवावर जातोय म्हणून बोलतात ते वेगळंच. मार्ग काय?

उत्तर : दादा, नातेवाईकांचं आधी सोडून द्या. एवढ्या वर्षांत हजारो मुली नवऱ्याच्या कागदावर गेल्या, तेव्हा कोणी काही बोललं नाही.

मित्राचं ऐकू नका. टुरिस्ट व्हिसाच्या मुलाखतीत तुम्ही फिरून परत येणार असं सांगणार आणि मनात राहायचं असेल तर ते खोटं बोलणं झालं, ते रेकॉर्डवर राहतं आणि पुढे खऱ्या अर्जाला आडवं येतं. सरळ मार्ग असा की बायकोने तुमच्यासाठी आय-१३० नावाचा अर्ज करायचा. ग्रीन कार्डवाल्यांच्या नवरा-बायकोला एफटूए गटात टाकतात, त्यात वर्षाला ठरावीक व्हिसा असतात म्हणून नंबर लागायची वाट बघावी लागते, दर महिन्याच्या व्हिसा बुलेटिनमध्ये तारीख येते. ती मध्येच अमेरिकन नागरिक झाली, त्याला साधारण ग्रीन कार्डनंतर पाच वर्षं लागतात, तर मग तुम्हाला मर्यादा राहत नाही आणि रांग सुटते, त्यामुळे तिची तारीख कधी येते ते विचारा. तिला उत्पन्न दाखवावं लागेल, तिकडच्या गरिबी रेषेच्या १२५ टक्के, नर्सला ते जड नाही. तुम्हाला पासपोर्ट ऑफिसचं पोलीस क्लिअरन्स, मेडिकल आणि शेवटी मुंबईला मुलाखत.

तुम्ही तिथे पोहोचता त्या दिवशी लग्नाला दोन वर्षं पूर्ण नसतील तर कार्ड दोन वर्षांचंच मिळतं, संपायच्या आधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून परत अर्ज करायचा. ही तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहून ठेवा. मधल्या काळात नर्सिंगच्या सुट्ट्या बघून ती येईल तेव्हा एकत्र जॉइंट खातं, विमा, नॉमिनी ही कामं करून टाका, त्याचा पुढे पुरावा होतो आणि तसंही संसारात ती लागतातच.

प्रश्न : नाशिकरोडला एका माणसाने सांगितलं की आयईएलटीएसमध्ये बँड म्हणजे गुण चांगले असलेली मुलगी आहे, ती शिकायला कॅनडाला जाणार, तिची फी आपण भरायची, लग्न फक्त कागदावर करायचं, नवरा म्हणून वर्क परमिट मिळतं, दोन वर्षांनी वेगळं व्हायचं. वडील म्हणतात जमीन विकू. मला २६ वर्षं पूर्ण झालीत, इथे धड नोकरी नाही. करू का?

उत्तर : करू नको रे बाबा. तुझी अडचण मला कळते, २६ व्या वर्षी घरी बसणं सोपं नाही, पण हे करू नको.

पहिली गोष्ट, तो माणूस सांगतो तो रस्ता आता बराचसा बंद झालाय. २१ जानेवारी २०२५ पासून कॅनडात विद्यार्थ्याच्या नवरा-बायकोला वर्क परमिट सरसकट मिळत नाही, ती मुलगी १६ महिने किंवा जास्त मुदतीच्या मास्टर्सला, पीएचडीला किंवा काही ठरावीक व्यावसायिक कोर्सला असेल तरच. ती डिप्लोमाला जाणार असेल तर तुझी जमीन जाईल आणि तू इथेच राहशील. दुसरी गोष्ट, व्हिसासाठी दाखवायचं लग्न पकडलं गेलं तर खोटी माहिती दिल्याबद्दल पाच वर्षं कॅनडाचं दार बंद.

आणि 'फक्त कागदावर' असं लग्न आपल्या कायद्यात नसतंच. विधी करून नोंदणी झाली की तुम्ही खरे नवरा-बायको. हिंदू विवाह कायद्यात लग्नाला एक वर्ष व्हायच्या आत घटस्फोटाचा अर्ज साधारण करताच येत नाही, संमतीने करायचा तरी वर्षभर वेगळं राहिलेलं लागतं, आणि त्या मुलीने सही द्यायला नकार दिला किंवा ती तिकडे फोनच उचलेनाशी झाली तर तू फॅमिली कोर्टात तारखा मोजत बसशील, खरं लग्न करायची वेळ येईल तेव्हाही मोकळा नसशील. तिच्या बाजूने पण बघ, एकोणीस-वीस वर्षांची पोर, तिच्या फीच्या बदल्यात तिचं नाव कोणाशीतरी बांधलं जातंय.

कॅनडालाच जायचं मनात असेल तर स्वतःच्या शिक्षणावर, स्वतःच्या हातातल्या कामावर जायचे मार्ग बघ, उशीर लागला तरी. तुझं शिक्षण काय, आयटीआय आहे का, ते मला लिहून पाठव, पुढच्या अंकात त्यावर बोलू.

त्या माणसाला अजून पैसे दिले नसतील तर देऊ नका, टोकन म्हणून सुद्धा नाही. दिले असतील तर त्याच्याशी भांडण करायच्या आधी सगळे चॅट, रेकॉर्डिंग, पावत्या दुसऱ्या फोनमध्ये काढून ठेव. ऑनलाइन दिलेत तर आजच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन कर, रोख दिलेत तर वडिलांना सोबत घेऊन पोलीस स्टेशनला जा. पासपोर्ट त्याच्याकडे ठेवलेला असेल तर आधी तो परत घे.